बुजवलेले झरोके

अहमदनगर
फाल्गुन, १९४३

प्रिय शाम,

आशीर्वाद लिहायला बसले की हात थांबतो. माझ्या आशीर्वादाने या वर्षी कुणाचं काही राखलं गेलं असं दिसलं नाही. तरी लिहिते, सवय आहे म्हणून. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. तू लिहितोस की झरोके तूच लहान ठेवलेस, तुझा अंदाज चुकला, आणि तुझ्या हातच्या खोलीने तुझी बायको आणि तुझा मुलगा नेला. तू लिहितोस की नकाशाच्या कामातून नाव काढून घेतलंस आणि जिथे विमानं घिरट्या घालतात त्या पुढच्या रस्त्याच्या कामावर मला पाठवा, असा अर्ज केलास. वर मलाच सांगतोस, ताई, काळजी करू नकोस. लहानपणापासून तू असाच. विहिरीच्या कठड्यावर चढायचास आणि तिथून ओरडायचास, ताई, बघू नकोस. मी बघत होते रे, दर वेळी बघत होते.

तेव्हा हे पत्र पुरं वाचल्याशिवाय त्या रस्त्याला जायचं नाही, एवढं माझं ऐक. नेवाशाचा गोरक्ष रजा संपवून आसामात तुमच्याकडे परत निघालाय, त्याच्या हाती देते आहे. टपालाने धाडलं असतं तर तपासणीत अर्ध्या पत्राला काळं फासून मिळालं असतं. मला आता कुणी काही फासलेलं चालणार नाही.

आधी ती खोली आठव. आपल्या प्रसूतिगृहात बायका यायच्या त्या पार अडल्यावर, आणि मोकळ्या झाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पळायच्या. कारण काय, तर इथे शेक मिळत नाही. घरी बाजेखाली शेगडी असते, ओवा-शेपांची धुरी असते, दाराला गोधडी असते. इथे पांढरी चादर आणि डॉक्टरीणबाईंचं शास्त्र. मग घरची माणसं घमेल्यातून चोरून निखारे आणायची, आणि एकदा तर गादीच पेटली. तू तेव्हा लोकल बोर्डात नवा ओव्हरसिअर होतास आणि इमारत वाढवायचं काम तुझ्याकडे आलं होतं. मी चिडून म्हटलं, एवढ्या भिंती काढतोस त्यात एक शेकखोली काढ, म्हणजे माझ्या बाळंतिणी पळायच्या तरी थांबतील. मी रागाने बोलले आणि तू ते मनावर घेतलंस. लंकाबाई दाईच्या मागे मागे हिंडलास. शेगडी कशी पेटवतात, कुठे ठेवतात, बाई किती वेळ निजते, सगळं विचारून घेतलंस. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम म्हणून ती तुला हाकलायची, आणि तू तिची पाठ वळली की पुन्हा दाराशी हजर. उंबऱ्याशी जमिनीलगत जाळ्या ठेवल्यास, वर छताखाली झरोके ठेवलेस, आणि कधी आग लागलीच तर बाजेसकट बाई बाहेर काढता यावी म्हणून समोरासमोर दोन रुंद दारं ठेवलीस. लोक हसले होते, म्हणाले, ही काय बैलगाडी आत न्यायची आहे का. खोली पुरी झाली तेव्हा दारं लावून तू आत उदबत्ती पेटवून बसलास. धूर सरळ वर चढला आणि झरोक्यातून बाहेर गेला, आणि तू मला हाका मारत सुटलास. त्यानंतर कितीतरी बायका त्या खोलीत शेक घेऊन धडधाकट घरी गेल्या. त्या खोलीला नावं ठेवणारा तू पहिलाच.

यानंतरचं तुला कुणी कळवलेलं नाही. मीही नाही. लढाईच्या बंदोबस्ताबद्दल पत्रात अवाक्षर लिहायचं नाही असा हुकूम होता, आणि आसामात राबणाऱ्या माणसाला इथल्या भिंतींचं सांगून करायचं काय, असंही मला वाटलं. तू गेलास त्याच सुमाराला विजगापट्टणवर बाँब पडले. मुंबईची माणसं तर रंगून पडल्यापासूनच ट्रंका-वळकट्या घेऊन नगरात उतरत होती. भिंगारला छावणी आहे, म्हणजे जपानी विमान आधी इथेच येणार, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा. तुझे सासरे काकासाहेब हवाई हल्ल्याच्या बंदोबस्त कमिटीचे मुख्य झाले. प्रसूतिगृहाचे ट्रस्टी ते होतेच. माणूस वाईट नाही. माणूस घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती अधिकार आला की तो रात्रंदिवस काम काढतो. वाळूची पोती आली, खिडक्यांना काळे कागद लागले. मग असं ठरलं की प्रसूतिगृहात विषारी वायूपासून बचावाची एक खोली हवी, जिला कुठेही फट नाही.

कुठली खोली निवडली हे तुला आता कळलं असेल. आतल्या अंगाची, जाड भिंतींची, सगळ्यात भक्कम. तुझे झरोके विटा-चुन्याने बुजवले. जमिनीलगतच्या जाळ्यांवर फरशा बसवल्या. मागचं दार काढून तिथे भिंत घेतली आणि भिंतीबाहेर वाळूची पोती रचली. छताच्या फळ्यांना खळीने कागद चिकटवले. पुढच्या दारावर जाड घोंगडी टांगली, वायू आला तर ओली करून सोडायला. मी काकासाहेबांना विचारलं, इथे शेगडी असते, तिची वाफ, तिचा धूर कुठून जायचा. ते म्हणाले, "सुनीतीबाई, लढाई संपेपर्यंत शेक बंद. शेकावाचून बाई मरत नाही." मी भांडले. माझी जीभ तुला माहीत आहे, भांडताना मी मागेपुढे बघितलं नाही. पण डॉक्टरीणबाईंना शेक कधीच पटला नव्हता, त्या काकासाहेबांच्या बाजूने बोलल्या. शेगड्या अडगळीत गेल्या. शेगडीच नाही तर धुराचं भांडण कशाला, म्हणून विषय तिथेच मिटला. मुंबईकर बायकांची गर्दी एवढी झाली की त्या खोलीतही दोन बाजा टाकाव्या लागल्या.

इंदू तुमच्या मुंबईच्या बिऱ्हाडातून त्या गर्दीतच आली. मुंबई नको, तिथे बाँब पडतील, पहिलं बाळंतपण माहेरी कर, माझ्या खोलीत आणि ताईच्या नजरेखाली, असं तूच तिला लिहिलं होतंस. ते पत्र ती मला वरचेवर वाचून दाखवायची, "माझ्या खोलीत" हे दोन शब्द आले की जरा मोठ्याने. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते असं. पण ते महिने चांगले गेले, शाम. तुला कुणी ते सांगितलं नसेल म्हणून सांगते. चार माणसांत ती मला वन्सं म्हणायची आणि दोघीच असलो की ताई. तुझ्यासाठी तिने खाकी लोकरीचे मोजे विणले, एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब. मी हसले तर म्हणाली, "त्यांना सांगू नका, ते माप घेऊन बसतील." तिची आई ती लहान असतानाच गेलेली. डोहाळजेवणाला काय काय लागतं हे काकासाहेबांना ठाऊक नव्हतं, तर एवढा मोठा वकील पंचांग काखेत मारून माझ्याकडे विचारायला आला. मुलगा झाला तो तुझ्याच वळणाचा, कपाळ रुंद. रडायचा कमी आणि वर बघत पडायचा जास्त. इंदू म्हणायची, बापाचा आहे, छत तपासतोय. पाळण्यात घालायच्या दिवशी काय नाव ठेवायचं हे तिने ठरवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. ते नाव आता कुणालाच माहीत नाही.

त्या सकाळी मला नागापूरहून बोलावणं आलं. एक बाई अडली होती, मी टांग्याने गेले. पौषातली थंडी होती. कलकत्त्यावर बाँब पडल्याची बातमी येऊन गेली होती, म्हणून काकासाहेबांनी छताचे कागद नव्याने डकवून घेतले होते. तेच त्या सकाळी अळिवाची खीर घेऊन आले. इंदू नुकतीच न्हाली होती आणि कुडकुडत होती. ती म्हणाली, बाबा, हुडहुडी काही केल्या जात नाही. मी तिथे नव्हते, मला हे लंकाबाईने सांगितलं. काकासाहेब लेकीकडे बघत उभे राहिले आणि मग बाहेर येऊन लंकाबाईला म्हणाले, शेगडी काढ. ती म्हणाली, "सायेब, तुमीच बंद केलीया न्हवं?" तर ते म्हणाले, "तिची आई असती तर तिने पोरीला शेकाशिवाय ठेवली असती का? माझ्या इंदूपुरती काढ." मी त्यांना एवढ्यासाठी शिव्या देऊ शकत नाही. बापाने आईचं काम करायला घेतलं होतं. खोली फटविरहित केली ती लेकीच्या जिवासाठी, आणि शेगडी आत पाठवली तीही लेकीच्या जिवासाठी, आणि या दोन गोष्टी एकाच खोलीत आहेत हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

लंकाबाईने बाभळीचे कोळसे अंगणात फुलवले, धूर संपेपर्यंत थांबली, मग शेगडी आत नेऊन इंदूच्या बाजेखाली सरकवली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार लावलं, आणि दारावरची ती घोंगडीही सोडली. आत दुसऱ्या बाजेवर मुक्ताबाई होती, मिरजगावची, अडलेली म्हणून बैलगाडीत घालून आणलेली. तिची पोर लंकाबाईने तेल लावायला बाहेर आणली होती. मध्ये एकदा लंकाबाईने दार किलकिलं करून आत बघितलं. इंदू कुशीवर निजली होती, बाळ पोटाशी, आणि दोघांच्या गालांवर लाली होती. शेक अंगी लागला, असं म्हणून तिने अलगद दार लावून घेतलं. आपल्याकडची कुठलीही बाई हेच म्हणाली असती. मी पुस्तक शिकले म्हणून मला माहीत आहे की कोळशाच्या वाफेने मरणाऱ्या माणसाचे गाल असेच लाल होतात. त्या वाफेला वास नसतो, ती दिसत नाही. ज्या विषारी वायूसाठी आम्ही महिनोन्महिने कागद चिकटवले तो आमच्याच शेगडीतून आला आणि आम्हीच त्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही.

मुक्ताबाई वाचली, कारण तिची बाज दाराशी होती. रांगत आली आणि घोंगडीत गुरफटून उंबऱ्यावर पडली. शुद्धीवर आल्यावर तिने मला सांगितलं, "बाई, माझं डोकं लई गरगराया लागलं, उलटी दाटून आली. म्या वयनीस्नी हाक मारली. त्या म्हनल्या, मुक्ताबाई, आईच्या कुशीत निजल्यागत वाटतंय, मला उठवू नका." लोक इंदूला बाजेसकट बाहेर काढायला गेले तर दार एकच उरलेलं, आणि त्याच्यासमोरही बाँबचे तुकडे अडवायला आडवी भिंत घातलेली, तिथे बाज वळेना. तू सांगितलं होतंस ना, बाज वळली पाहिजे. शेवटी हातांवर उचलून आणलं. मी टांग्यातून उतरले तेव्हा ती दोघं व्हरांड्यात होती. मी नाडी बघितली. मग पुन्हा बघितली. एवढ्या बायकांची बाळंतपणं केली मी, आणि माझ्या भावाचा मुलगा माझ्या हातात हिरवळीवरच्या दवासारखा गार होत गेला आणि मला काही करता आलं नाही. तेव्हापासून मी कामाला जाते, जेवते, झोपते, पण आत काही राहिलेलं नाही.

तुला तार काकासाहेबांनी केली. पुढे पत्रही त्यांनीच लिहिलं, शेगडीच्या धुराने गेली एवढंच. दहावा झाला तेव्हा मी त्यांना म्हटलं, शामला झरोक्यांचं सगळं कळवायला हवं, नाहीतर तो स्वतःच्या डोक्यावर घेईल. मी तुला ओळखते ना. ते म्हणाले, "मी कळवीन. ही बापाने लिहायची गोष्ट आहे." मला ते पटलं. मी वाट बघत राहिले. इकडे ट्रस्टींच्या बैठकीत असं ठरलं की दाईने कुणाला न विचारता शेगडी पेटवली. काकासाहेब खुर्चीत बसले होते, बोलले नाहीत. मी बोलले, तर शोकाने बाईंचं मन ठिकाणावर नाही म्हणून मला पाणी प्यायला दिलं. लंकाबाईला काढून टाकलं. आता तिला कुणी बाळंतपणाला बोलावत नाही, पाणवठ्यावर बायका तिच्यापासून हंडा दूर ठेवतात. ती संध्याकाळी माझ्या मागल्या दाराशी येऊन बसते आणि एकच बोलते, "शिस्टरबाई, गाल लाल हुतं वो. म्या बघून दार लावलं." मी तिला भाकरी देते. दुसरं काय देणार?

झरोके आता उघडे आहेत. मीच गवंडी बोलावला आणि कमिटीला न विचारता फोडून घेतले. बैल गेला अन् झोपा केला, असं तूही म्हणशील. पण फोडण्याआधी मी तुझ्यासारखी दार लावून उदबत्ती पेटवून बसले. धूर वर गेला, छताला लागला, पसरला आणि हळूहळू खाली येऊन बाजेच्या उंचीवर थांबला. मला तिथे बसवेना. फोडल्यावर पुन्हा लावली. धूर सरळ वर गेला आणि बाहेर पडला, त्या पहिल्या दिवशी गेला तसाच. तुझी खोली बरोबर होती, शाम. तुझे झरोके लहान नव्हते. ते नव्हतेच. हे मी शपथेवर सांगते, आणि तू हे वाचून आधी तो अर्ज मागे घे. इंदू गेली, बाळ गेलं. आता तुझी तार घ्यायला मी दारात जाणार नाही, माझ्यात ते बळ नाही.

आणि हे आज का लिहिते ते ऐक. काकासाहेबांनी तुला झरोक्यांचं कळवलं असेल असं मी काल दुपारपर्यंत धरून चालले होते. काल ते प्रसूतिगृहात आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याशेजारी बसले. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल वाटला. म्हणाले, "शामकांतांचं पत्र आलं. फार हळवं लिहिलंय हो. माझ्या खोलीने तुमची मुलगी नेली, मला क्षमा करा, असं लिहिलंय. मी लगेच उत्तर धाडलं. लिहिलं की चूक माणसाच्याच हातून होते, माझ्या मनात काही नाही, मी तुम्हाला क्षमा केली." मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. ते खोटं रडत नव्हते, शाम, त्यांना ते खरंच वाटत होतं. माझ्या हातात दुधाचं भांडं होतं, ते मी खाली ठेवलं आणि आत निघून गेले. म्हाताऱ्याची एकुलती एक लेक गेली आहे. जगायला त्याने दुसरं कुठलंही खोटं जवळ केलं असतं तर मी डोळेझाक केली असती. त्यांचं पत्र कदाचित याच्या आधी तुला मिळालं असेल, आणि तू ते छातीशी धरून बसला असशील. ती क्षमा घेऊ नकोस. ती त्यांनी तुझ्याकडे मागायची होती.

तुझीच, आणि तुझ्याच बाजूची,
ताई